मुक्त स्रोत प्रकल्पांना बदल पाठवताना विषयओळ : विद्यार्थ्यांना एकच पद्धत शिकवावी का?

शर्वरी_कसबा_बावडा

नमस्कार. कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींचा मुक्त स्रोत गट सांभाळते. गटाचा स्वतःचा एक लहान प्रकल्प आहे. राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीची नोंद घेऊन ती एका पानावर दाखवायची आणि पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीला किंवा ४३ फुटांच्या धोका पातळीला पोहोचू लागली की नोंदणी केलेल्यांना संदेश पाठवायचा, एवढेच त्याचे काम आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर या मुलांनी घरातून पाहिलेला असल्यामुळे काम मनापासून होते. अडचण येते ती कामाच्या नोंदींची.

संदेश पाठवण्याचा भाग कधी आणि का बदलला हे पाहण्यासाठी रेपोचा (म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील आमच्या कोडच्या साठ्याचा) इतिहास उघडला, तर बदलांच्या विषयओळी, म्हणजे एकेका ओळीची शीर्षके, अशी दिसतात : “अपडेट”, “अपडेट इंडेक्स”, “फायनल चेंजेस”, “फायनल चेंजेस २”, “बग सॉल्व्ह्ड”. यांपैकी कोणत्या कमिटमध्ये (म्हणजे नोंदवलेल्या बदलामध्ये) धोका पातळीच्या तपासणीला हात लागला, हे प्रत्येक कमिट उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. यावर उपाय म्हणून “फीट:” (नवे वैशिष्ट्य), “फिक्स:” (दुरुस्ती), “डॉक्स:” (दस्तऐवज) अशा उपसर्गांची कन्व्हेन्शनल कमिट्स ही पद्धत सर्वांना सक्तीची करावी, असा माझा विचार होता.

त्याच सुमारास मुलांनी बाहेरच्या मोठ्या प्रकल्पांचे नियम वाचायला घेतले आणि नवाच गोंधळ उभा राहिला. संकेतस्थळे बनवण्याच्या जँगो या साधनाच्या मार्गदर्शिकेत भूतकाळी क्रियापद आणि शेवटी पूर्णविराम हवा असे म्हटले आहे. गिटच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत आज्ञार्थी क्रियापद हवे आणि पूर्णविराम नको. मोझिलाच्या इतिहासात बहुतेक ओळींच्या आरंभी “बग” हा शब्द आणि क्रमांक असतो, तर गो भाषेच्या प्रकल्पात पॅकेजचे (कोडच्या विभागाचे) नाव आधी येते. आमच्या एका विद्यार्थिनीने पाठवलेला बदल एका प्रकल्पाने तांत्रिकदृष्ट्या योग्य मानला, मात्र विषयओळ बदलून पुन्हा पाठवावा असे कळवले. कोडमध्ये चूक नसताना केवळ शीर्षकासाठी थांबवणे तिला अनाठायी वाटले, आणि तिचे समाधान होईल असे उत्तर माझ्याकडे नव्हते.

म्हणून जाणकारांना विचारते. मुलांना एकच पद्धत शिकवून मोकळे करावे, की प्रत्येक प्रकल्पाची पद्धत वेगळी शिकावी लागते हे मान्य करावे? या सर्व पद्धतींच्या मुळाशी काही समान कारण असेल तर ते कोणते? आणि आमच्या पंचगंगेच्या प्रकल्पात सगळेच मराठी आहेत, तेव्हा तिथे विषयओळ मराठीत लिहिली तर काही बिघडते का?

शिरोलीकर_एम्बेडेड

शर्वरी मॅडम, नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या नियंत्रकांवर लिनक्स चालवण्याचे काम मी करतो, त्यामुळे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, इतिहास रोजच उघडावा लागतो. उत्तर त्याच अनुभवातून देतो.

प्रथम तुमच्या विद्यार्थिनीच्या शंकेविषयी, कारण बाकीचे सारे तिच्यातूनच निघते. विषयओळ ही बदल तपासणाऱ्यासाठी असते, अशी नवख्या माणसाची समजूत असते. तपासणारा तर संपूर्ण फरक समोर उघडून बसलेला असतो. विषयओळीची गरज सर्वांत कमी त्यालाच असते. तिची गरज लागते ती दोन वर्षांनी “गिट लॉग --वनलाइन” (इतिहास एकेका ओळीत दाखवणारी आज्ञा) चालवून हजारो ओळींवरून नजर फिरवणाऱ्या अनोळखी माणसाला. कर्नलची एक आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांत निघते आणि तेवढ्या काळात दहा हजारांहून अधिक कमिट जमा होतात. त्या ढिगात “बग सॉल्व्ह्ड” या ओळीला काहीच अर्थ उरत नाही. उद्यमनगरच्या फौंड्रीत ओतलेल्या कास्टिंगवर हीट नंबर उमटवतात, तो ओतणाऱ्याच्या कामाचा नसतो. माल तडकून परत आला की कोणत्या दिवशीची, कोणत्या मिश्रणाची ओत होती हे शोधणाऱ्याच्या कामाचा असतो. विषयओळीचे नेमके तेच आहे.

दुसरी एक गोष्ट मुलांना फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. कमिटचा हॅश, म्हणजे गिटने तिला दिलेला ओळख-क्रमांक, कायमचा नसतो. रीबेस केले (कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्या), चेरी-पिक केले (एकच कमिट दुसऱ्या शाखेत उचलली), तोच बदल जुन्या स्थिर आवृत्तीत नेला, की हॅश नवा तयार होतो. विषयओळ मात्र सहसा जशीच्या तशी पुढे जाते. आमच्या यंत्रांवर जुनी दीर्घकालीन आवृत्ती चालते. मुख्य शाखेत झालेली एखादी दुरुस्ती आमच्या आवृत्तीत पोहोचली आहे का, हे पाहायचे असते तेव्हा मी विषयओळीनेच शोधतो, आणि ती नेमकी लिहिलेली असेल तर एका शोधात उत्तर मिळते. कर्नलच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच असे स्पष्ट म्हटले आहे की पॅचचा (पाठवलेल्या बदलाचा) हा सारांश त्या पॅचची जगभरातील एकमेव ओळख ठरतो. एखादा बदल आधीच्या कोणत्या बदलातील दोष दुरुस्त करतो हे सांगणारी “फिक्सेस:” ही ओळ तिथे लिहितात, तिच्यातही हॅशची पहिली १२ अक्षरे आणि त्यांच्यापुढे कंसात त्या कमिटची विषयओळ असते. हॅश चुकला तरी शीर्षकावरून माग काढता येतो.

आता कर्नलच्या विषयओळीची रचना पाहू. ईमेलने पाठवलेल्या पॅचचा विषय “[पॅच नेट-नेक्स्ट व्ही३ २/५] उपप्रणाली: सारांश” अशा घडणीचा असतो. चौकटी कंसातील मजकूर केवळ टपालापुरता आहे. पाच पॅचच्या मालिकेतील हा दुसरा, मालिकेची ही तिसरी आवृत्ती आणि नेटवर्किंगच्या नव्या वैशिष्ट्यांच्या शाखेसाठी ती पाठवली आहे, एवढे त्यातून मेंटेनरला, म्हणजे प्रकल्पाच्या देखभालकर्त्याला, समजते. दुरुस्ती असेल तर “नेट-नेक्स्ट” ऐवजी नुसते “नेट” लिहितात. मेंटेनर “गिट एएम” (ईमेलमधील पॅच इतिहासात घेणारी आज्ञा) चालवतो तेव्हा हा कंस गळून पडतो आणि इतिहासात फक्त पुढचा भाग राहतो. मुले “व्ही३” किंवा “रिव्ह्यूनंतरचे बदल” असे शब्द सारांशातच लिहितात, ते यामुळेच चुकीचे ठरते. ते कायमचे चिकटून राहतात आणि वर्षभराने त्यांना काही संदर्भ राहत नाही. कंस हाताने टाइप करायचा नसतो, पॅच तयार करणाऱ्या “गिट फॉरमॅट-पॅच” ला “-व्ही३” आणि शाखेच्या नावासाठी “--सब्जेक्ट-प्रिफिक्स” हे पर्याय दिले की तो आपोआप येतो.

आज्ञार्थी क्रियापदाचा आग्रह अनेकांना विचित्र वाटतो. कोडला त्याचे वागणे बदलण्याची आज्ञा देत आहोत अशा थाटात लिहावे, असे कर्नलची मार्गदर्शिका सांगते. त्याचा व्यावहारिक लाभ असा की गिट स्वतः ज्या ओळी तयार करते, त्याही “मर्ज” (शाखा एकत्र करा), “रिव्हर्ट” (बदल मागे घ्या) अशा आज्ञार्थीच असतात आणि सगळा इतिहास एका सुरात वाचता येतो. मात्र याला मी दुय्यम मानतो. क्रियापद कोणत्याही काळातले असो, परिणाम सांगितला आहे की नाही हे आधी पाहावे.

तुमच्याच प्रकल्पाचे उदाहरण घेतो. समजा बंधाऱ्यावरची नोंद वेळेवर आली नाही आणि पानावर पातळी शून्य फूट दिसू लागली, म्हणून कोणी दुरुस्ती केली. “पातळी फाइलमध्ये बदल” ही ओळ निरुपयोगी, कारण कोणती फाइल बदलली ते गिटला आधीच ठाऊक आहे. “इफ कंडिशन घातली” ही ओळ खरी असली तरी ती कृती सांगते, हेतू सांगत नाही. “पातळी: नोंद न आल्यास शून्याऐवजी शेवटची नोंद व तिची वेळ दाखवा” ही ओळ वाचली की कमिट न उघडताही पुराच्या रात्री जागे असलेल्या माणसाला काय बदलले ते समजते. आधीची आणि ही ओळ लिहायला लागणाऱ्या वेळेत मिनिटाचाही फरक नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर असे की एकच पद्धत शिकवू नये. कर्नलमध्येसुद्धा एकच पद्धत नाही. एक्स८६ प्रोसेसरांचे काम पाहणाऱ्या शाखेच्या पुस्तिकेत उपसर्गानंतरचा पहिला शब्द मोठ्या (कॅपिटल) अक्षराने सुरू करावा असे आहे, आणि नेटवर्किंगच्या इतिहासात तोच शब्द बहुतेक ठिकाणी लहान अक्षराने आढळतो. मुलांना एवढी सवय लावावी : ज्या फाइलला हात लावला तिच्यापुरता “गिट लॉग --वनलाइन -- फाइलचा मार्ग” चालवायचा आणि शेवटच्या वीसेक ओळी वाचायच्या. उपसर्ग कोणता, क्रियापद कसे, क्रमांक कुठे, पूर्णविराम आहे की नाही, हे सारे तिथे दिसते, आणि लिखित नियम जुना झाला असला तरी इतिहास जुना झालेला नसतो.

सौरभ_राजारामपुरी

शिरोलीकर सरांशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. विषयओळ माणसे वाचतात तशी यंत्रेही वाचतात, आणि प्रकल्पाप्रकल्पांतील बराचसा फरक त्या यंत्रांमुळे पडलेला आहे. हे कारण सांगितले की मुलांना नियम लहरी वाटत नाहीत.

जँगोचेच पाहा. तिथे “फिक्स्ड #क्रमांक --” अशी सुरुवात असली की त्या क्रमांकाचे तिकीट (दोषाची किंवा कामाची नोंद) आपोआप बंद होते. तिकीट उघडेच ठेवायचे असेल तर “रेफ्स #क्रमांक --” लिहितात. जुन्या शाखेवर तोच बदल नेताना शाखेचे नाव चौकटी कंसात आधी येते. गो प्रकल्पात “हा बदल गो मध्ये असे करतो, की...” या अपूर्ण वाक्याची पूर्ती विषयओळीने व्हावी अशी कल्पना आहे, म्हणून पॅकेजच्या नावानंतर लहान अक्षराने सुरू होणारे क्रियापद येते आणि पूर्णविराम येत नाही. निक्सपॅकेजेस या सॉफ्टवेअर-संग्रहात तर “पॅकेज: जुनी आवृत्ती -> नवी आवृत्ती” किंवा नवे पॅकेज असेल तर “पॅकेज: इनिट ॲट आवृत्ती” एवढेच पुरते, कारण तिथल्या बहुसंख्य बदलांचे स्वरूपच ते आहे. अशा ठिकाणी कोणी “फीट:” लावून पाठवले तर ते नीटनेटके दिसले तरी परकेच ठरणार.

मी स्वतः जावास्क्रिप्टची एक लहान लायब्ररी सांभाळतो आणि तिथे कन्व्हेन्शनल कमिट्सच वापरतो, त्यामुळे या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहितो. तिचे मूळ अँग्युलर प्रकल्पाच्या कमिट-नियमांत आहे आणि ती आवृत्ती क्रमांकांशी जोडलेली आहे. लायब्ररीची आवृत्ती १.४.२ असेल आणि “फिक्स:” आले तर पुढची १.४.३ होते, “फीट:” आले तर १.५.०, आणि जुने वापरणाऱ्यांचे कोड मोडणारा बदल असेल, म्हणजे प्रकारानंतर उद्गारचिन्ह किंवा तळटीपेत “ब्रेकिंग चेंज” असेल, तर २.०.०. आवृत्त्या आपोआप जाहीर करणारी सिमँटिक-रिलीज यांसारखी साधने हे सर्व विषयओळी वाचून करतात आणि बदलांची यादीही त्यांतूनच तयार करतात. याचा अर्थ असा की रीडमीतील (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधील) शुद्धलेखन सुधारून कोणी “फीट:” लिहिले, तर लायब्ररीत काहीही नवे नसताना जगभर नवी आवृत्ती जाहीर होते. मेंटेनर शीर्षकासाठी बदल थांबवतो तो अशा वेळी, आणि त्याचे थांबवणे योग्यच असते.

दोन ठिकाणी विद्यार्थी हमखास अडखळतात. “स्टाइल:” हा प्रकार कोडच्या मांडणीसाठी आहे, म्हणजे मोकळ्या जागा, अर्धविराम, ओळींची रचना यांसाठी. पानाचा रंग किंवा बटणाचा आकार बदलला तर वापरणाऱ्याला काहीतरी वेगळे दिसते, म्हणून तो बदल “फीट:” किंवा “फिक्स:” मध्ये जातो. आणि “चोअर:” (किरकोळ देखभालीची कामे) ही अडगळीची खोली नव्हे. कशात बसवावे ते सुचले नाही म्हणून तिथे टाकलेल्या कमिटमधून पुढे काहीच शोधता येत नाही. एका कमिटला दोन प्रकार लागू होत आहेत असे वाटले, तर बहुधा ते दोन कमिट असायला हवे होते.

लांबीविषयीही मुले विचारतील. गिटच्या दस्तऐवजात ५० अक्षरांच्या आतली ओळ सुचवली आहे, कर्नल ७० ते ७५ पर्यंत चालवून घेते, आणि गिटवरचे प्रकल्प ठेवण्याचे संकेतस्थळ गिटहब ७२ च्या पुढचा भाग तीन टिंबे देऊन दडवते. मी ५० हे उद्दिष्ट आणि ७२ ही सीमा मानतो. इथे आणखी एक बारकावा आहे : गिटहबवर “स्क्वॅश अँड मर्ज” केले की अनेक कमिटची एक कमिट होते, पुल रिक्वेस्टचे (बदल स्वीकारावा या विनंतीचे) शीर्षक तिची विषयओळ बनते आणि शेवटी कंसात पुल रिक्वेस्टचा क्रमांक जोडला जातो. म्हणजे अशा प्रकल्पात आतल्या कमिटच्या ओळींपेक्षा पुल रिक्वेस्टचे शीर्षक अधिक काळजीने लिहावे लागते. मुलांना हे ठाऊक नसते. कमिट सुरेख लिहितात आणि शीर्षक ब्राउझरने सुचवलेले तसेच ठेवतात.

ब्राउझरवरून आठवले. गिटहबच्या संपादकात फाइल बदलली की “अपडेट रीडमी.एमडी” अशी तयार ओळ सुचवली जाते. मुक्त स्रोत योगदानासाठी ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली एका टी-शर्टसाठी अशाच निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः संमती दिली आहे तेवढ्यांतीलच योगदान धरावे लागले. तेव्हापासून ती तयार ओळ पाहिली की अनेक मेंटेनरांचे मन आधीच प्रतिकूल होते. आपल्या मुलांच्या चांगल्या कामावर तो शिक्का बसू नये, असे मला मनापासून वाटते.

शर्वरी_कसबा_बावडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्थिर आवृत्तीत हॅश बदलतो आणि विषयओळ टिकते, हा मुद्दा मी त्या विद्यार्थिनीला सांगितला आणि तिने शीर्षक बदलून पाठवलेसुद्धा. फाइलपुरता इतिहास वाचण्याची सवय उद्याच्या तासापासूनच लावते. आमच्या प्रकल्पात आवृत्त्या जाहीर होत नाहीत, त्यामुळे सौरभ यांनी सांगितलेले आवृत्ती क्रमांकाचे कारण आमच्याकडे लागू नाही. तेव्हा “फीट:” वगैरे सोडून “पातळी:”, “संदेश:”, “पान:” असे विभागवार उपसर्ग ठेवावेत, या निर्णयाकडे मी झुकते आहे. मराठी विषयओळीचा प्रश्न मात्र अजून उरला आहे, आणि दोन मुलींना मराठी भाषांतरे पाठवायची आहेत, त्यामुळे त्याची निकड आहे.

विनया_शाहूपुरी

शर्वरीताई, मी काही वर्षे सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे काम करते, त्यामुळे तुमच्या या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

गिटला स्वतःला मराठीचे वावडे नाही. कमिटचा संदेश युटीएफ-८ या सर्व लिप्यांच्या संकेतपद्धतीत साठवला जातो आणि देवनागरी विषयओळ इतिहासात जशीच्या तशी दिसते. सगळे वाचणारे मराठी असतील, तर तुमच्या पंचगंगेच्या प्रकल्पात मराठीतच लिहावे असे मी आग्रहाने सांगेन. तोडक्यामोडक्या इंग्रजीतील “बग सॉल्व्ह्ड” पेक्षा विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत लिहिलेली पूर्ण ओळ कितीतरी अधिक सांगते, आणि शिरोलीकरांनी दिलेले शून्य पातळीचे उदाहरण तसेच आहे. काळजी घ्यायची ती उपसर्गाची. एकाने “संदेश:”, दुसऱ्याने “मेसेज:” आणि तिसऱ्याने “सूचना:” लिहिले तर शोधताना तिन्ही शब्दांनी शोधावे लागेल. त्यामुळे उपसर्गांची यादी एकदाच ठरवून रीडमीत द्यावी. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच आहे : “पातळी” आणि “पातळि” या शोधाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अक्षरांच्या मर्यादेबाबत थोडी सवलत लागते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, त्यामुळे पडद्यावर आखूड दिसणारी मराठी ओळही मोजणीत ५० च्या पुढे सहज जाते. मोजणी आपोआप करणारे साधन लावणार असाल तर मर्यादा ७२ ठेवा. आणि ते साधन बाइट मोजत नाही ना, हे आधी तपासा, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते.

बाहेरच्या प्रकल्पांना भाषांतर पाठवताना मात्र त्यांचीच रीत पाळावी, भाषांतर मराठीत असले तरीही. गिटच्या भाषांतरांसाठी विषयओळीच्या आरंभी “एल१०एन:” (लोकलायझेशनचे, म्हणजे स्थानिकीकरणाचे, संक्षिप्त रूप) हा उपसर्ग लागतो आणि विषयओळीत आस्कीबाहेरचे (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचे) अक्षर असू नये असा नियम आहे. म्हणजे मराठीसाठीच्या पॅचलाही इंग्रजीच ओळ द्यावी लागेल. यात भाषेचा अनादर आहे असे मला कधी वाटले नाही. जर्मन, चिनी, बल्गेरियन अशा सर्व भाषांच्या संघांचे बदल एकाच माणसाच्या हातून पुढे जातात आणि ते कोणत्या भाषेचे आहेत एवढे तरी त्याला वाचता आले पाहिजे. शिवाय आस्कीबाहेरची विषयओळ ईमेलने जाताना सांकेतिक रूपात जाते. चांगली टपालसाधने ती उलगडतात, पण मूळ रूपात पाहिल्यास ती अगम्य चिन्हांची माळ दिसते.

भाषांतरकारांनी एक चूक टाळावी. “मराठी भाषांतर अद्ययावत” या अर्थाची एकच ओळ प्रत्येक वेळी पाठवली जाते आणि बहुतेक प्रकल्पांत ती चालतेही, कारण नियमित भाषांतराबद्दल अधिक सांगण्यासारखे नसते. परंतु एखादी संज्ञा सर्वत्र बदलली असेल, उदाहरणार्थ “फोल्डर” साठी आधी वापरलेला “धारिका” हा शब्द काढून “फोल्डर” हाच ठेवला असेल, तर ती स्वतंत्र कमिट करावी आणि विषयओळीत तसे लिहावे. पुढच्या भाषांतरकाराला तो बदल ठरवून केला की चुकून झाला, हे समजण्याचा दुसरा मार्ग नसतो. मराठीचे संघ लहान आहेत आणि माणसे बदलत राहतात. मागच्यांनी काय ठरवले होते ते अनेकदा इतिहासाखेरीज कुठेच लिहिलेले नसते.

शिरोलीकर_एम्बेडेड

विभागवार उपसर्गांचा निर्णय योग्य वाटतो. आता तुम्ही तपासणी आपोआप करायला घ्याल, म्हणून तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

पहिली म्हणजे विषयओळीनंतर एक ओळ कोरी सोडायला शिकवा. गिट पहिल्या कोऱ्या ओळीपर्यंतचा सर्व मजकूर विषय मानते. ती ओळ सुटली नाही, तर खालचे चार ओळींचे स्पष्टीकरण विषयाला चिकटते आणि “--वनलाइन” मध्ये लांबलचक शेपूट दिसते.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. मुलांना “#४२ संदेश: ...” अशी क्रमांकाने सुरुवात करायची सवय असते. कमिट करताना “-एम” पर्याय देऊन आज्ञेतच लिहिले तर ती ओळ टिकते, पण संपादक उघडून लिहिले तर “#” ने सुरू होणारी ओळ टिप्पणी समजून गिट गाळून टाकते. त्याहून फसवे असे की “-एम” ने नीट लिहिलेली ओळ नंतर रीबेसमध्ये सुधारायला घेतली की तेव्हा नाहीशी होते. क्रमांक खालच्या मजकुरात “फिक्सेस #४२” असा लिहावा. गिटहबवर मुख्य शाखेत मर्ज झाल्यावर त्या क्रमांकाची नोंद त्यानेही बंद होते.

तिसरी गोष्ट “कमिट-मेसेज” हूकविषयी, म्हणजे कमिट करताना संदेश आपोआप तपासणाऱ्या फाइलविषयी. हूक फाइल क्लोनबरोबर (रेपोची प्रत घेताना) येत नाही, ती प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळी बसवावी लागते. त्यामुळे फक्त तिच्यावर विसंबू नका, पुल रिक्वेस्ट आल्यावर सर्व्हरवरही तीच तपासणी चालवा. त्या तपासणीत “रिव्हर्ट” ने सुरू होणाऱ्या ओळींना सूट द्या, नाहीतर पुराच्या ऐन दिवसांत चुकीचा बदल मागे घेताना तुमचाच नियम आडवा येईल. आधीच्या कमिटला जोडायच्या दुरुस्तीची, “फिक्सअप!” ने सुरू होणारी ओळ मात्र मर्ज होऊ देऊ नका. तिच्या पुढचा मजकूर ज्या कमिटच्या विषयओळीशी जुळतो, त्याच कमिटमध्ये रीबेसचा “ऑटोस्क्वॅश” हा पर्याय ती मिसळतो, आणि म्हणून ती मर्जपूर्वीच मिसळून घ्यावी.